पस्तीस विद्यार्थी, दोन दुर्बिणी आणि मुठेचा काठ: पक्षिनिरीक्षण कसं आखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे पहिल्या वर्षाचे ३५ विद्यार्थी, दोन दुर्बिणी आणि जानेवारीतला एक रविवार. मागच्या वर्षी मुळा-मुठेच्या काठाने दोन तास चालून जेमतेम अकरा जाती दिसल्या, निम्मी मुलं मागे गप्पा मारत राहिली, वासाच्या तक्रारीही झाल्या. तर यंदा कुठला मार्ग घ्यावा, आणखी किती दुर्बिणी लागतील आणि ओळखीसाठी कुठलं अ‍ॅप वापरावं?

तिन्हींची उत्तरं देतो, पण खरी अडचण या तिन्हींत नाही. ती चालण्यात आहे. ३५ जणांची रांग काठाने निघाली की बघता बघता चाळीस-पन्नास मीटर लांब होते. पुढच्या पाच जणांना पक्षी बसलेला दिसतो, मधल्यांना उडताना दिसतो आणि शेवटचा विचारत येतो, ‘काय होतं?’ असं चारदा झालं की शेवटचा विचारणंही सोडून देतो. वर ही लांब रांग काठावरचा प्रत्येक पक्षी पुढे पुढे हाकलत नेते. म्हणून मार्ग शोधू नका, थांबे शोधा. तीन-चारशे मीटरच्या आत चार थांबे आणि प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं. हिवाळ्यात एवढ्यात वीसच्या आसपास जाती मिळणं अवघड नाही. शिवाय त्या सगळ्यांना दिसतात.

थांबे निवडताना नदीकडे बघा, पक्ष्यांकडे नंतर. शहरातल्या नदीत ढोबळ चार प्रकारच्या जागा असतात: उघडे खडक आणि त्यांतून खळखळत जाणारं उथळ पाणी, नाला येऊन मिळतो तिथला चिखल, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुंबलेलं, जलपर्णीने झाकलेलं पाणी, आणि काठावरची झाडी. प्रत्येक जागेचे पक्षी वेगळे. चारही जागा एकाच टप्प्यात मिळाल्या तर उत्तम, तीन मिळाल्या तरी चालतं.

कुठला टप्पा घ्यायचा हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. नदीकाठ विकासाच्या कामामुळे बंडगार्डन परिसरात काठाचं रूप बदललंय, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबू नका. येरवडा-कल्याणीनगरची बाजू पक्ष्यांसाठी नावाजलेली आहे, पण तो नदीचा (पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून) डावा, म्हणजे उत्तरेकडचा काठ. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो. या काठावरून नदीकडे तोंड केलं की सकाळभर ऊन समोरून डोळ्यांवर येतं. पक्षी नुसते काळे आकार दिसतात, रंग कळत नाहीत. नवख्यांना घेऊन जायला ही बाजू अवघड.

त्यापेक्षा सिंहगड रस्त्याच्या बाजूचा, विठ्ठलवाडीजवळचा मुठेचा काठ पहिल्या खेपेला सोपा जातो. मुठा तिथे साधारण ईशान्येकडे वाहते. आपण उजव्या काठावर असतो, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. घाट असल्याने पाय टेकायला पक्की जागाही आहे. खडकी आणि दापोडीच्या बाजूला मुळेकाठी लष्करी हद्द लागते. दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेला घोळका तिकडे नेऊ नका.

आधीच्या रविवारी, त्याच वेळेला, स्वतः जाऊन या. हे टाळून चालत नाही. एरवी निवांत असलेल्या घाटावर रविवारी सकाळी गोधड्या धुवायला गर्दी असू शकते. त्या फेरीत पुढच्या गोष्टी तपासा: प्रत्येक थांब्यावर नऊ जणांचा एक गट काठाला धक्का न लागता उभा राहील का, ऊन कुठून येतं, मोकाट कुत्र्यांची टोळी कुठे बसते आणि जवळचं वापरण्याजोगं स्वच्छतागृह कुठे आहे. स्वच्छतागृहाचा विचार बहुतेक आयोजक शेवटी करतात आणि मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पुलाच्या कमानीखाली आग्या मोहोळ आहे का, हेही मान वर करून बघा. असेल तर तो थांबा रद्द, आणि मुलांना अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका म्हणून सांगा.

काठावरच्या चिखलाचा वेगळा इशारा. वरून वाळून भेगा पडलेला गाळ पक्का वाटतो, पण आत लोण्यासारखा असतो, पाय पोटरीपर्यंत जातो. पाण्यापासून निदान तीन मीटर अंतर ठेवायचं आणि गवत किंवा दगड असेल तिथेच पाय टाकायचा. चप्पल-सँडल नको, पूर्ण बंद बूट हवेत. काठावर फुटक्या काचा असतात, कधी सुयाही. पाण्याला हात लावायचा नाही. पायाला उघडी जखम असलेल्याने त्या दिवशी काठाखाली उतरायचं नाही, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होऊ शकतात. डबे काठावर उघडू नका, वासाने कुत्री आणि घारी दोन्ही येतात.

वेळ सकाळी सातची. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातनंतर पाच-दहा मिनिटांनी होतो. पावणेसातला जमून हजेरी आणि गट पाडणं उरकलं की थांब्यावर पोचेपर्यंत उजेड होतो. नऊपर्यंत संपवा. नदीवर धुकं किंवा धूर साचला असेल तर झाडीच्या थांब्यापासून सुरुवात करा, आवाजांवर काम भागतं. पावसाळ्यात, खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा, विद्यार्थ्यांना पात्रात नेऊच नका. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो बहुतेक पावसाळ्यांत आपण पाहतोच.

आता गट. ३५ चे चार गट करा, आठ-नऊ जणांचे. इथे बहुतेकांची चूक होते ती अशी की प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक फिरतो. उलट करा. शिक्षक आणि दुर्बीण थांब्यावर कायम, गट फिरते. एका जागी उभ्या असलेल्या शिक्षकाला दुसऱ्या गटाच्या वेळेपर्यंत कळलेलं असतं की तुतवार कुठल्या दगडावर परत परत येतो आणि ढोकरी कुठल्या गवतात दबून बसली आहे. वीस मिनिटं थांबा, पाच मिनिटं पुढच्या थांब्यापर्यंत चालणं, असे चार फेरे म्हणजे ९५ मिनिटं. प्रत्येक थांब्याला एक मोठं माणूस हवं. शिक्षक कमी पडले तर वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी मिळून एक थांबा सांभाळतात, मात्र त्यांना आधीच्या रविवारी सोबत न्यायला हवं.

दुर्बिणींचं उत्तर यातूनच निघतं. चार पुरतात, आठ असल्या तर छान, त्याहून जास्त घेऊन उपयोग नाही. वीस मिनिटांत नऊ जणांना एक दुर्बीण म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटं, आणि नीट वापरली तर दोन मिनिटं बरीच असतात. खरोखर दोनच असतील तर त्या चिखलाच्या आणि जलपर्णीच्या थांब्यांवर ठेवा. खडकांवर आणि झाडीत जवळचे पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शहरातल्या एखाद्या पक्षिमित्र मंडळाकडून तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप (लांबचं बरंच मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण) उसना मिळाला तर तो चिखलाच्या थांब्यावर लावा. तिथले पक्षी बराच वेळ एका जागी चरतात, त्यामुळे रांगेने सगळ्यांना दिसतात. तो एक स्कोप पाच दुर्बिणींचं काम करतो.

विकत घ्यायच्या असतील तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीत नवख्याचा हात हललेला जाणवतो आणि दृश्याचा घेरही लहान होतो, म्हणून पक्षी सापडतच नाही. वीसपट, पन्नासपट असं छापलेल्या स्वस्त झूम दुर्बिणी खेळणी समजा.

दुर्बीण वापरायला काठावर शिकवू नका. आदल्या दिवशी आवारात दहा मिनिटं द्या. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत जुळवायचं. मग उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याने लांबची पाटी स्पष्ट करायची, नंतर डावा झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. चष्मेवाल्यांनी डोळ्यांकडची रबरी वाटी आत दाबायची किंवा दुमडायची आणि चष्म्यासकट बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं: नजर पक्ष्यावर रोखलेली ठेवूनच दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. बहुतेक जण आधी दुर्बिणीकडे बघतात, मग पक्षी शोधत आकाश धुंडाळतात. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही, हे दोनदा सांगा.

‘तो बघ, तिकडे!’ या वाक्याने जेवढा वेळ वाया जातो तेवढा कशानेच जात नाही. थांब्यावर पोचताच समोरच्या पाच-सहा खुणांना नावं द्या: पुलाचा तिसरा खांब, पडकी बाभूळ, निळी पिशवी अडकलेला खडक, नाल्याचं तोंड. मग ‘पडक्या बाभळीच्या डावीकडे दोन हात, पाण्याच्या रेषेवर’ असं सांगितलं की नऊच्या नऊ डोळे तिथे जातात. गटात कामंही वाटून द्या. दोघांनी शोधायचं, दोघांनी मोजायचं, एकाने लिहायचं, एकाकडे दुर्बीण आणि बाकीच्यांनी एकच पक्षी धरून तो काय करतोय ते बघायचं. दर पाच मिनिटांनी बदल. काम नसलेला विद्यार्थीच गप्पा मारतो.

आता दिसेल काय, त्याबद्दल.

खडकांच्या थांब्यावर शेपूट सतत वरखाली हलवणारे दोन पक्षी मिळतील आणि त्यांची अदलाबदल हमखास होते. पांढऱ्या भुवईचा धोबी काळा-पांढरा, ठसठशीत आणि इथला बारमाही रहिवासी. तुतवार वरून तपकिरी, पोट पांढरं आणि छातीच्या बाजूने खांद्यापुढे वर चढलेला पांढरा पट्टा. हा हिवाळी पाहुणा. धोबी नुसती शेपूट हलवतो, तुतवाराचं मागचं अख्खं अंगच डुलतं. करडा धोबीही इथे येतो. शेपटीखालचा पिवळा रंग बघून मुलं त्याला पिवळा धोबी म्हणतात, पण पाठ राखाडी आणि शेपूट जास्तच लांब असेल तर करडा लिहा. पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसेल. त्याच्या पिसांत पाणी मुरतं, म्हणून बुडी मारून आल्यावर त्याला ती वाळवावी लागतात.

चिखलाच्या थांब्यावर शेकाटे. लांबलचक गुलाबी पाय आणि सुईसारखी काळी चोच असल्याने हा पक्षी कुणाचाच चुकत नाही, म्हणून मोजणी शिकवायला तो उत्तम. एक एक करून मोजायला गेलात तर शंभरीच्या आत गोंधळ होतो. आधी दहा पक्षी मोजा, ते थव्याची केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवा आणि तसे किती तुकडे बसतात ते बघा. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न सांगता मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. एकाचे ८० आणि दुसऱ्याचे १३० आले तर पुन्हा मोजा. एकाचे ८० आणि दुसऱ्याचे ९० आले तर तसेच राहू द्या. याच चिखलात ढोकरी असते. बसलेली असताना मातकट, रेघारेघांची, दिसतच नाही, आणि उडाली की पंख पांढरेशुभ्र. नवख्यांच्या यादीत तिच्या एकटीच्याच दोन जाती झालेल्या असतात. वंचक, भुरा बगळा ही तिचीच नावं. मराठी नावं गावागणिक बदलतात, तेव्हा मोहिमेआधी एकच यादी ठरवून वाटा.

बगळे हा प्रत्येक सहलीतला वादाचा विषय. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी. तो उथळ पाण्यात एक पाय थरथरवत मासे उठवतो, तेव्हा बोटं दिसतात. गायबगळा आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा, आणि जानेवारीत त्याच्या अंगावर केशरी रंग जवळजवळ नसतो. मोठ्या आणि मध्यम बगळ्यांची चोच या दिवसांत पिवळीच असते. तिथे जबड्याची रेघ बघा: ती डोळ्याच्या मागे गेली तर मोठा, डोळ्याखालीच संपली तर मध्यम. रेघ दिसत नसेल तर ‘बगळा, पिवळी चोच, जात नक्की नाही’ असं लिहिणं हे अचूक उत्तर आहे.

जलपर्णीवर वारकरी, जांभळी पाणकोंबडी आणि हळदी-कुंकू बदक शोधा. झाडीत तांबट, शिंजीर, नाचण, बुलबुल. दाट झाडात दिवसा झोपलेले रातबगळेही असू शकतात, खाली पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे दिसले तर मान वर करा.

टिटवीचा नियम मात्र चारही थांब्यांवर लागू. ती ओरडली की पलीकडचा अख्खा थवा उठतो. तिचा पहिला आवाज आला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि मिनिटभर हलायचं नाही. पुढच्या खेपेला मार्च-एप्रिलमध्ये आलात तर पात्रातल्या गोट्यांवरून चालू नका. ती जमिनीवरच अंडी घालते आणि गोट्यांत ती दिसत नाहीत.

अ‍ॅपबद्दल. फोटो किंवा आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ठेवायला हरकत नाही, पण ते शिक्षकाच्या फोनवर, आणि गटाने आपलं मत लिहून झाल्यावरच उघडायचं. पुलावरच्या वाहतुकीत ध्वनी-ओळख चुकते, आणि अ‍ॅपने सुचवलेलं नाव पक्षी न दिसताच यादीत चढतं. पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकायच्या असतील तर प्रत्येक थांब्याची यादी वेगळी करा, वेळ मिनिटांत लिहा आणि एकाच खात्यावरून भरा. ३५ जणांनी तोच थवा ३५ वेळा भरला तर त्या माहितीची माती होते. सहभागी विद्यार्थ्यांना तीच यादी शेअर करता येते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते. जानेवारीत सराव झाला असेल तर त्यात भाग घेणं सोपं जातं, किमान पंधरा मिनिटांची एक यादी पुरते.

वासाच्या तक्रारीवर मास्क आणि वीस मिनिटांची मर्यादा, एवढाच इलाज आहे. पण तो वास लपवू नका, दुसऱ्या दिवशीच्या चर्चेचा विषयच तो आहे. नोंदतक्त्यात जात आणि संख्येशेजारी दोन रकाने ठेवा: पक्षी कशावर होता (पाणी, चिखल, दगड, जलपर्णी, झाड, तार, आकाश) आणि काय करत होता. मग वर्गात विचारा, सगळ्यात जास्त पक्षी नाल्याच्या तोंडाशी का होते? बहुतेक जण म्हणतील, पक्षी भरपूर आहेत म्हणजे नदी बरी आहे. इथे थांबून समजवा. सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि बरेचसे मासे टिकत नाहीत. पण डंख न करणाऱ्या चिलटांच्या काही जातींच्या लाल अळ्या गाळात तगतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि कमी प्राणवायूतही त्यांचं भागतं. शेकाटे चिखल टोचतात ते असल्या अळ्यांसाठी. म्हणजे त्यांची गर्दी प्रदूषणाच्या जोरावरही वाढू शकते. याउलट कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि सूर मारतो. त्याला मासाही हवा आणि तो वरून दिसेल इतकं नितळ पाणीही. शेकाटे किती आणि कवड्या खंड्या किती, ही जोडी एकूण जातींच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त सांगते. अर्थात एका सकाळीवरून निष्कर्ष काढू नका. त्याच थांब्यांवर, त्याच वेळेला नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये मोजलं तर बोलण्याजोगं काही हाती लागतं.

शेवटचा मुद्दा गुणांचा. जातींच्या संख्येवर गुण देऊ नका. दिलेत तर मुठेवर गरुड दिसू लागतील. तक्ता किती नीट भरलाय, दोघांचे दोन आकडे लिहिलेत का, अनोळखी पक्ष्याचं रेखाचित्र आणि वर्णन आहे का, यावर द्या. आणि ज्या गटाच्या तक्त्यात ‘अनोळखी’ अशी एकही नोंद नसेल, त्या गटाला आधी बोलवा आणि मध्यम बगळा कसा ओळखला ते विचारा.